आर्थर डॉसनचं मराठी

जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या त्या घरात आवाज नव्हता. माणसं होती, पण प्रत्येक दाराच्या चौकटीला आतून फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी ठोकलेली, खुर्च्यांच्या पायांना जुन्या कोटाचे तुकडे बांधलेले, आणि काटे-चमचे मांडायचे ते घडी घातलेल्या फडक्यावर. पुण्यात आमच्या घरी चार भांडी आपटल्याशिवाय सकाळ होत नसे, त्यामुळे पहिले काही आठवडे मला वाटायचं की इथे कुणीतरी फार आजारी आहे. मग वाटलं, असेल बुवा जर्मन शिस्त. परक्या देशात जे जे कळत नाही ते आपण शिस्तीच्या नावावर खपवतो. एकदा संध्याकाळी मी मसुराची आमटी करायला घेतली, आईने डब्यात भरून दिलेली मोहरी तेलात टाकली, ती तडतडायला लागली आणि घरमालकीण फ्राउ हेस हातातलं शिवण टाकून धावत आल्या नि कढईवर झाकण दाबून उभ्या राहिल्या. मी ओशाळले. वास सोसला नसेल, असं धरून मी त्यानंतर फोडणीच बंद केली. बिनफोडणीची आमटी खाऊन तोंडाची चव गेली, पण खोली जाण्यापेक्षा चव गेलेली बरी.

माझं संशोधन डार्मश्टाटच्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, चाले. त्या शहरात अजून जागोजागी युद्धात कोसळलेल्या घरांच्या विटांचे ढिगारे होते, खोली मिळणं कठीण, म्हणून मी रोज बसने जाऊन-येऊन करत असे. परत येई तेव्हा अंगात त्राण नसे. पण हेसांच्या घरात दमल्याची तक्रार करायला तोंडच नव्हतं, कारण तिथे सगळेच दमलेले होते आणि माझ्याआधीपासून दमलेले होते. फ्राउ हेस दिवसभर लोकांचे कपडे शिवत. त्यांचे यजमान, हेर हेस, रशियनांच्या कैदेत इतकी वर्षं राहून आले होते की घरी परतले तेव्हा मुलीने त्यांना ओळखलं नव्हतं. गाड्यांच्या कारखान्याच्या कोठारात ते कामाला जात, संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसत, बटाट्याचं सूप पीत आणि कारखान्याचा भोंगा व्हायच्या थोडं आधी उठून तळघरात कोळसा बघायला जात. उन्हाळ्यातही जात. मुलगी इंगे त्याच कारखान्याच्या कचेरीत टंकलेखिका होती. तिच्या चालण्यात तेवढा जीव होता, कारण ती प्रेमात पडली होती.

तो टॉम. टॉम डॉसन, इंग्रज, कारखान्यात ड्राफ्ट्समन. दर रविवारी जेवायला यायचा, हिरव्या सॉसमध्ये बटाटे कुस्करून खायचा आणि इंगेच्या आईला हसवायचा. ते तिघे भाऊ. थोरला आर्थर इटलीत लढला, मधला फ्रँक रणगाडा घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला तो तिथेच राहिला, आणि टॉम धाकटा. त्याचं सैनिकी शिक्षण पुरं होईतो युद्धच संपलं. त्याला जर्मनीच्या उत्तरेत कुठल्याशा पुलावर पहारा द्यायला बसवलं, तिथे तो जर्मन शिकला. “माझ्या वाट्याला युद्धातलं फक्त सर्दी-पडसं आलं,” असं तो म्हणायचा. हे ऐकून हेर हेसही ओठ थोडे हलवत. टॉमला घरातली फेल्टची पट्टी कधी दिसली असेल असं मला वाटत नाही. त्यात त्याचा दोष नाही, मलाही दिसून कळली नव्हती.

लग्न ठरलं, आणि टॉमची आई नि थोरला भाऊ येणार असं कळलं, तेव्हा घरात पहिल्यांदाच जरा आवाज झाला. जर्मन मुलगी करतोय म्हणून आई वर्षभर टॉमशी धड बोलली नव्हती. आर्थरनेच तिला कसंबसं तयार केलं होतं. लग्न नोंदवायला तेव्हा दोन साक्षीदार लागत. एक इंगेचा मामा आणि दुसरा आर्थर, असं टॉमने परस्पर ठरवून टाकलं होतं. “फ्रँक असता तर दोघांत भांडण झालं असतं,” तो मला म्हणाला. “आता एकच आहे. तो उभा राहिला म्हणजे माझं घर माझ्या बाजूला आहे असं मला वाटेल.”

मिसेस डॉसन ठेंगण्या, ताठ, हातमोजे न काढता कॉफी पिणाऱ्या. बसल्याबरोबर त्यांनी पर्समधून फ्रँकचा गणवेशातला फोटो काढला आणि टेबलावर केकच्या बशीशेजारी उभा केला. फ्राउ हेसनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं नि म्हणाल्या, “शोनर युंगे.” देखणा मुलगा, एवढंच. मग फोटोला लागू नये म्हणून बशी थोडी सरकवली. आर्थर कोपऱ्यात बसला होता, हेर हेसांच्या नेहमीच्या जागेच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून. उंच, खांद्यात वाकलेला, देखणेपणात फ्रँकच्या खालचा. माझ्या साडीकडे बघून त्याने इंग्रजीत विचारलं, भारतात कुठे? मी म्हटलं, पुणे. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “पुन्याची व्हय? मग हिकडं कुटं चुकलीस गं पोरी?”

मला हसावं की रडावं कळेना. इटलीत तो मराठ्यांच्या पलटणीबरोबर होता. साताऱ्याकडच्या शिपायांनी त्याला त्यांचं मराठी शिकवलं होतं आणि ते त्याच्या जिभेवर जसंच्या तसं राहिलं होतं, हेल काढून. माझं मराठी ऐकून तोच वैतागला. “तू लई पुस्तकावानी बोलतीस.” मी म्हटलं, “आणि तुम्ही, साहेब, पानपतावरून आल्यासारखे.” तो मोठ्याने हसला, आणि मिसेस डॉसननी चमकून बघितलं. आपल्या मुलाला हसताना बघून दचकणारी आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. “त्याची शिपायांची भाषा,” त्या इंगेला म्हणाल्या. “बरं आहे, आर्थर अगदी धडधाकट परत आला. देवाची कृपा.” आर्थरने हसणं आवरतं घेतलं आणि केकचा तुकडा काट्याने बारीक करत बसला.

आता इथे एक रीत सांगितली पाहिजे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी आणि कामावरचे सोबती वधूच्या दारात येऊन चिनीमातीची भांडी फोडतात. त्याला पोल्टरआबेंड म्हणतात. आमंत्रण नसतं, ज्याला कळलं तो येतो. टवका गेलेला कप, चिरलेली सूपची वाटी, सगळं लोकांनी यासाठीच साठवून ठेवलेलं असतं. जितका खच पडेल तितकं जोडप्याचं भलं, आणि तो खच नवरा-नवरीने दोघांनी मिळून झाडायचा. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, जसं आपल्याकडे अक्षता टाकायच्या हे कुणी सांगत नाही. म्हणून पाहुण्यांना ते कुणी सांगितलंच नाही. टॉमला वाटलं गंमत होईल. दुपारी फ्राउ हेसनी यजमानांच्या हातात थर्मास आणि पाव दिला नि त्यांना शहराबाहेरच्या त्यांच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे भाड्याच्या बागेच्या तुकड्यावर, पाठवून दिलं. मुलीच्या लग्नाची गडबड सोडून हा माणूस कोबीला पाणी घालायला निघाला, याचा मला रागच आला होता.

उन्हाळा होता, संध्याकाळी अजून लख्ख उजेड होता. फ्राउ हेस बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं घेऊन दिवाणखान्याकडे चालल्या होत्या, आर्थर त्यांना दार उघडून द्यायला उठला, मी मागे बशा घेऊन. बाहेर कारखान्यातल्या चार धटिंगणांनी कुठूनसं न्हाणीघरातलं जुनं बेसिन आणलं होतं. ते त्यांनी उचललं आणि पायरीच्या दगडावर घातलं. काय दणका होता तो! पाठोपाठ बशा, किटल्या, वाडगे, सगळं एकदम. पुढचं कळायच्या आत आर्थरने फ्राउ हेसना खाली ओढलं होतं आणि तो त्यांच्या अंगावर पालथा पडला होता, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी झाकून. “खाली! खाली व्हा समदे! पांडबा, डोस्कं खाली! हलू नगंस, हलू नगंस माझ्या राजा!” सॅलड भिंतीवर उडालं होतं. बाहेर हसणं चाललं होतं, फोडणं चाललं होतं आणि दर दणक्याला तो त्यांना जास्त घट्ट दाबत होता. टॉम केरसुणी घेऊन दारात आला. भाऊ घसरून पडला असं वाटून तोही हसला, मग त्याचं हसू तोंडातच राहिलं. मिसेस डॉसन जिन्यावर उभ्या होत्या. “आर्थर, ऊठ,” त्या म्हणाल्या. “ताबडतोब ऊठ. लोक काय म्हणतील?” आणि फ्राउ हेस? त्या बाईने त्याला ढकललं नाही, ओरडली नाही. मोकळा हात कसाबसा बाहेर काढून ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. “श्श. इस्ट गुट. इस्ट गुट.” बरं आहे, बरं आहे. हे तिला सवयीचं होतं, एवढं मला त्या हातावरून कळलं.

तो उठला. खिशातला रुमाल काढून फ्राउ हेसच्या ॲप्रनवरचं सॅलड पुसायला लागला, मग ते सोडून वर निघून गेला. मिसेस डॉसन म्हणाल्या की उद्या पहिल्या गाडीने ती दोघं परत जातील. या घरात, या लोकांपुढे, डॉसनांची अशी शोभा व्हायची नव्हती. टॉम त्या खचात पायरीवर बसून राहिला. इंगे एकटीच झाडत होती. मी त्याला म्हटलं, साक्षीदार काय, मीसुद्धा होईन. तो म्हणाला, “सहीचा प्रश्न नाही. आर्थर उद्या असा गेला तर लाजेपायी पुन्हा या दारात येणार नाही. मी ओळखतो त्याला. एक भाऊ युद्धात गेला, आणि दुसरा मी बेसिन फोडून घालवला.”

फ्राउ हेस स्वयंपाकघरात ॲप्रन भिजत घालत होत्या. “आल्झो, फ्रॉइलाइन कुमुद, मी गाढव आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या माणसाला बागेत पाठवलं. दारांना फेल्ट ठोकलं. तुमच्या त्या काळ्या दाण्यांवर झाकण ठेवलं, ते तडतडतात म्हणून. आणि हा? हा तर जिंकलेला ना? जिंकलेल्या माणसाला काय होतंय, असं वाटलं मला.” त्या बादलीपाशी स्टुलावर बसल्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. फोडणीचा वास त्यांना आवडायचा, हेही त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

आता इतक्या वर्षांनी, इथे जर्मनीतल्याच गेर्लिंगेनला एकतीस डिसेंबरला फटाके सुटतात तेव्हा मी नातवाला मुद्दाम घरात बसवून ठेवते आणि त्याला माझा राग येतो. “ओमा, युद्ध कधीच संपलंय,” असं तो जर्मनमध्ये म्हणतो. “गेनाऊ,” अगदी बरोबर, मी म्हणते. या वयात मला युद्धाच्या गोष्टींचा कंटाळा आहे. तारखा, नकाशे, कोण कुठून घुसलं, पुरुषांनी चहाबरोबर चघळायच्या गोष्टी. मला फक्त इंगेच्या लग्नाची ती सकाळ लिहून ठेवायची आहे, आणि तीही आता दमत दमत लिहिते आहे.

सकाळी फ्राउ हेसनी माझ्या हातात कॉफीचा कप दिला आणि तळघराकडे बोट केलं. आर्थर खाली कपडे धुवायच्या खोलीत बसून बूट पुसत होता. शेजारी भरलेली बॅग. मी म्हटलं, “साहेब, कॉफी.”

“सायेब म्हणू नगंस.”

“मग काय म्हणू?”

त्याने बूट पुन्हा पुसायला घेतला. मी हौदाच्या कडेला बसले आणि विचारलं, “पांडबा कोण?” मग तो बोलला, बुटाकडे बघत, थांबत थांबत. पांडुरंग त्याचा वायरलेस वाहणारा गडी. हसरा, सदा भुकेला. आर्थरला म्हणायचा, सायेब, लढाई संपली की आमच्या गावाला या, कोंबडं कापतो. एका नदीकाठी चिखलात गोळे पडायला लागले. “म्या त्याच्या अंगावर पडलो गं. झाकला त्याला. पर उशीर झाला व्हता. त्यो खाली, म्या वर, अंधार पडंपातुर तसाच. मला खरचाटलंबी न्हाई.” बूट त्याने खाली ठेवला. “घरी आलो. आईच्या मांडीवर फ्रँकचा फोटू. म्हनली, तू धड आलास, देवाची किरपा. मग काय सांगू? धड आलेल्या मान्सानं काय सांगायचं असतं?”

“टॉमला सांगितलंत कधी?”

“इंग्रजीत ह्ये येतच न्हाई मला. तोंड उघडतो नि बंद हुतं. मराठीत समदं हाय, आन् मराठीत ऐकाया कुनी न्हाई.”

माझं डोकं ठणकत होतं, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आणि लोकांच्या घरच्या दुःखात पडायची मला मुळीच हौस नव्हती. तरी तोंडातून गेलं, “दादा, मग माझ्याशी बोलता तसं त्यांच्यापुढे बोला. इंग्रजी मी करते.”

वर स्वयंपाकघरात मिसेस डॉसन टोपी-हातमोजे घालून गाडीची वाट बघत बसल्या होत्या. आर्थर बॅग पायाशी ठेवून समोर बसला. मी चुलीपाशी उभी. “हा काय खेळ आहे?” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाला इंग्रजी येतं.” मी म्हटलं, “येतं, पण हे येत नाही.” आणि तो बोलायला लागला. इंग्रज मुलगा मराठीत बोलतो आहे, आणि पुण्याची मुलगी त्याचं इंग्रजी करून त्याच्याच आईला सांगते आहे, तेही जर्मन स्वयंपाकघरात. एरवी मला हसू आलं असतं. नदी सांगितली, चिखल सांगितला, पांडबा सांगितला. इंग्लंडात दरवर्षी नोव्हेंबरात त्यांच्या गावात सणाचे फटाके उडतात त्या संध्याकाळी तो टेकडीपलीकडे जाऊन मेंढ्यांच्या गोठ्यात कान दाबून बसतो, हेही सांगितलं.

मिसेस डॉसननी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “त्याला विचार, हे कधीपासून?”

त्याला कळलं होतं, तरी मी मराठीत विचारेपर्यंत तो थांबला. “पैल्यापासनं.”

“विचार, मला का नाही सांगितलं?”

“तू फ्रँकसाठी रडत व्हतीस. त्यात मधी म्या कुटं बोलू?”

हे मी इंग्रजीत सांगितलं. मी पाठ फिरवून चुलीवरचं भांडं उगाच हलवलं. मागून मिसेस डॉसनचा आवाज आला, या वेळी माझ्याशी नव्हता. “त्या मुलाचं नाव काय होतं?”

“पांडुरंग,” आर्थर म्हणाला. आणि मग इंग्रजीत, “तेवीस वर्षांचा होता, आई.”

“मला वाटायचं, आमचा आनंद तुला बघवत नाही म्हणून तू टेकडीवर जातोस,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावले होते.” मग त्या उठल्या, त्याची बॅग स्वतः उचलली, ती त्यांना पेलेना, तशीच फरफटत जिन्यापाशी नेऊन ठेवली. “चल,” त्या म्हणाल्या. “टॉम थांबला असेल.”

श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, आर्थर टॉमच्या उजव्या बाजूला उभा राहिला. बूट चकचकीत होते. अधिकाऱ्याने जर्मनमध्ये काय काय वाचलं ते त्याला कळलं नसणार, पण नाव पुकारल्यावर तो पुढे झाला आणि त्याने सही केली. टॉम इतका रडला की इंगेला त्याच्या वतीने दोनदा “या”, म्हणजे हो, म्हणावं लागलं, आणि अधिकारीही हसला. हेर हेस बागेतून थेट आले होते, शेवटच्या रांगेत भिंतीपाशी. मीही तिथेच बसले.

बाहेर आलो तर कारखान्यातली पोरं टपून बसलेली. त्यांनी गाडीला मागे रिकामे डबे बांधले होते, हातात पातेल्यांची झाकणं घेतली होती, आणि आम्ही पायऱ्यांवर दिसताच त्यांनी जो काही गदारोळ सुरू केला! आर्थर जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा उतरायला लागला, तो कुठेतरी दुसरीकडे निघाला आहे हे मला दिसत होतं, आणि मी चार माणसं मागे होते. तेवढ्यात मिसेस डॉसननी पर्स पायरीवर टाकून दिली. पर्स उघडी पडली, फ्रँकच्या फोटोसकट आतलं सगळं पायऱ्यांवरून घरंगळत गेलं, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सगळ्या वऱ्हाडासमोर, सगळ्या जर्मनांसमोर, त्या टाचा उंच करून उभ्या राहिल्या आणि हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी मुलाच्या कानांवर घट्ट धरले. हात जेमतेम पोचत होते. आर्थर गुडघ्यांत वाकला, आईला नीट धरता यावं म्हणून.